यूएसबीचा मेन्यू आणि त्यामागची पंचवीस वर्षे

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पहिल्यांदा स्वतः कंपाइल करायला (मूळ कोडपासून बांधायला) बसलेला माणूस ‘मेक मेन्युकॉन्फिग’ ही पर्यायांचा मेन्यू उघडणारी आज्ञा चालवतो, ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’मधून ‘यूएसबी सपोर्ट’मध्ये शिरतो आणि तिथेच अडतो. यूएचसीआय, ओएचसीआय, ईएचसीआय, एक्सएचसीआय ही यूएसबी कंट्रोलरच्या प्रकारांची सारख्या नावांची चार भावंडं, मास स्टोरेजखाली (पेन ड्राइव्हसारखी साठवणीची उपकरणं) स्कझी या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीबद्दलची एक गूढ सूचना, कीबोर्डसाठी दोन वेगळे रस्ते. पेन ड्राइव्ह आणि माउस चालावा एवढीच त्याची अपेक्षा असते. हे सगळे पर्याय वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या अडचणींतून तिथे आले आहेत. ती वर्षं माहीत असली की मेन्यू वाचता येतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून हे टिपण.

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमध्ये या कामाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले. मानकाने केबल, प्लग आणि तारेवरून जाणाऱ्या पॅकेटचा आकार ठरवला. पण संगणकाच्या आत बसणाऱ्या कंट्रोलर चिपशी ऑपरेटिंग सिस्टिमने कसं बोलायचं, याची एकच भाषा ठरली नाही. इंटेलने यूएचसीआय आणला. त्यात चिप साधी आणि बरीचशी जुळवाजुळव ड्रायव्हरच्या, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडच्या, गळ्यात. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमीकंडक्टर यांच्या ओएचसीआयमध्ये चिपच बरंच काम उरकायची. इंटेल आणि व्हिया यांच्या चिपसेटवर यूएचसीआय, तर सिस, अली आणि ॲपलच्या यंत्रांवर ओएचसीआय, असा ढोबळ हिशेब लोक तोंडपाठ ठेवत. आजही खात्री करायची तर ‘एलएसपीसीआय’ ही यंत्रातल्या चिपची यादी देणारी आज्ञा संख्यात्मक तपशिलासह चालवावी. यूएसबी कंट्रोलरच्या ओळीत शेवटचा आकडा ०० असेल तर यूएचसीआय, १० असेल तर ओएचसीआय, २० म्हणजे ईएचसीआय आणि ३० म्हणजे एक्सएचसीआय.

लिनक्समध्ये यूएसबी आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न इनाकी पेरेझ-गोन्झालेझ यांचा. त्यांच्या ड्रायव्हरचं नाव यूयूएसबीडी. तो आकाराने मोठा होता. १९९९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः एक छोटी रचना लिहिली आणि कर्नलमध्ये तीच रुजली. त्या कोडच्या श्रेयनामावलीत तिचा उल्लेख ‘सिंपल’ यूएसबी ड्रायव्हर असा होता, आणि तिथेच इनाकी यांचे खास आभार मानले होते : सुरुवात त्यांनी केली आणि त्यांच्या प्रयत्नातून पुष्कळ शिकायला मिळालं म्हणून. मागे पडलेल्या कामाची अशी नोंद कोडमध्ये फार क्वचित राहते. ही राहिली याचं मला मोल वाटतं.

नवं काम कर्नलच्या २.३ या आवृत्तीच्या विकासमालिकेत वाढलं. जानेवारी २००१ मध्ये २.४ आलं तेव्हा यूएसबी त्यात नीट बसलेलं होतं. जुन्या मालिकेवरच थांबलेल्यांसाठी हेच कोड डिसेंबर २००० च्या २.२.१८ मध्ये मागे नेऊन जोडलं गेलं. २.४ च्या मेन्यूत एकाच यूएचसीआय चिपसाठी दोन ड्रायव्हर शेजारी शेजारी दिसत. एक नुसता यूएचसीआय, दुसरा ‘पर्यायी’ आणि त्याच्यापुढे ‘जेई’ ही अक्षरं. ती योहानेस एर्डफेल्ट यांच्या नावाची आद्याक्षरं होती. पहिला कर्नलमध्ये कायमचा बसवला की दुसऱ्याचा प्रश्नच विचारला जात नसे. मॉड्यूल, म्हणजे हवा तेव्हा जोडायचा सुटा भाग, म्हणून मात्र दोन्ही बांधता येत. कुठल्या यंत्रावर कोणता बरा चालतो हे करून पाहूनच कळायचं. २.५ मध्ये रचना एकत्र आली आणि हा दुहेरी प्रकार संपला.

आता पेन ड्राइव्ह. यूएसबी डिस्कशी बोलताना तारेवरून जे आदेश जातात ते स्कझीच्या घराण्यातले असतात. त्यामुळे मायकेल गी यांनी सुरू केलेला आणि मॅथ्यू धार्म यांनी पुढे वाढवलेला मास स्टोरेजचा ड्रायव्हर कर्नलच्या स्कझी थरालाच जोडला गेला. हा निर्णय योग्यच होता, कारण डिस्क हाताळण्याचं तयार कोड पुन्हा लिहावं लागलं नाही. पण मेन्यूसमोर बसलेल्या माणसाला हे कसं कळावं? ‘माझ्याकडे स्कझी कार्ड नाही’ म्हणून तो प्रामाणिकपणे स्कझीला नकार द्यायचा. मग मास स्टोरेजचा पर्यायच दिसायचा नाही. किंवा स्कझी चालू करूनही ‘स्कझी डिस्क’ची खूण राहून जायची. पेन ड्राइव्ह लावल्याची नोंद लॉगमध्ये उमटायची, पण एसडीए नावाची डिस्क काही तयार व्हायची नाही.

त्या काळी मेन्यूतले प्रश्न ‘कॉन्फिग डॉट इन’ नावाच्या फायलींमध्ये असत आणि मदतीचा सगळा मजकूर वेगळ्या एका प्रचंड फायलीत. एरिक रेमंड यांनी ही व्यवस्था बदलण्यासाठी सीएमएल-२ नावाची नवी पद्धत मांडली, पण ती स्वीकारली गेली नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ बरोबर रोमन झिपेल यांचं केकॉन्फिग आलं. आता पर्याय, तो कशावर अवलंबून आहे आणि त्याची मदत हे सगळं एका ठिकाणी लिहिता येऊ लागलं. तरीही मास स्टोरेजची गाठ पूर्ण सुटली नाही. स्कझी डिस्कचा पर्यायही लागू शकतो, ही सूचना मेन्यूत आजही तशीच उभी आहे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जेनेरिक कॉन्फिगमध्येही ‘युमास’ या मास स्टोरेज ड्रायव्हरच्या ओळीपुढे ‘एससीबस’ (स्कझी थर) आणि ‘डीए’ (स्कझी डिस्क) लागतात अशी टीप असते. दोन वेगळ्या घरांत तोच उंबरठा, कारण तारेवरची भाषा तीच.

स्कझी टाळण्याचा प्रयत्नही झाला. २००४ च्या सुमारास पीट झैत्सेव्ह यांचा ‘यूबी’ ड्रायव्हर आला. त्याच्या नावातच ‘कमी वेगाचा’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नाव न वाचता खूण केली की डिस्क ‘यूबीए’ नावाने उगवायची आणि संथ चालायची. २०१२ मध्ये तो कर्नलमधून काढला गेला.

कीबोर्डची गोष्ट मात्र अनेकांना घाम फोडणारी. बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पडद्यावर यूएसबी कीबोर्ड व्यवस्थित चालतो, कारण बायोस त्याला जुन्या पीएस-२ कीबोर्डचं सोंग देतो. कर्नलने कंट्रोलरचा ताबा घेतला की ते सोंग गळून पडतं. मग कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि एचआयडी (कीबोर्ड, माउस अशा उपकरणांचा ड्रायव्हर), दोन्ही त्या क्षणी हाताशी हवेत. ते मॉड्यूल म्हणून बांधले आणि सुरुवातीच्या रॅम-प्रतिमेत (डिस्क उघडण्याआधी मेमरीत भरल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसंचात) घालायचे राहिले, तर एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड विचारला जातो आणि कीबोर्ड मात्र मेलेला. शिवाय मेन्यूत ‘बूट प्रोटोकॉल’वाले साधे कीबोर्ड आणि माउस ड्रायव्हर आहेत. ते अगदी छोट्या यंत्रांसाठी आहेत. ‘कीबोर्ड’ हा शब्द दिसला म्हणून तिथे खूण करू नये. नेहमीच्या संगणकाला पूर्ण एचआयडीच हवं.

एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं, वेग सेकंदाला १२ मेगाबिटवरून ४८० वर गेला आणि सुदैवाने या वेळी कंट्रोलरची भाषा एकच ठरली : ईएचसीआय. पण तो फक्त वेगवान उपकरणं हाताळायचा. साधा माउस लावला की तो पोर्ट जोडीदार यूएचसीआय किंवा ओएचसीआयकडे सोपवला जायचा. म्हणून नुसत्या ईएचसीआयवर खूण केलेल्या कर्नलमध्ये पेन ड्राइव्ह पळायचा आणि माउस गप्प बसायचा. एक्सएचसीआयने हे सगळे वेग एका छताखाली आणले. सेरा शार्प यांनी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ मध्ये आला, आणि यूएसबी ३.० ला आधार देणारी पहिली ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स ठरली. पुढे इंटेलच्या काही चिपसेटवर तेच पोर्ट ईएचसीआय आणि एक्सएचसीआय यांच्यात अदलाबदल करता येऊ लागले. कॉन्फिगमध्ये एक्सएचसीआय बंद असेल तर कर्नल ते पोर्ट ईएचसीआयकडेच ठेवतो आणि ३.० ची उपकरणं २.० च्या वेगाने चालतील असा इशारा लॉगमध्ये लिहितो. मेन्यूतल्या एका चुकीच्या उत्तराची आठवण यंत्र स्वतः करून देतं, ही सोय पहिल्या पिढीला नव्हती.

आणि मग विश्वासाचा प्रश्न. इनाकी पेरेझ-गोन्झालेझ हे नाव २००७ मध्ये पुन्हा येतं, इंटेलमधून. वायरलेस यूएसबीवर काम चालू होतं. तार नसेल तर कोण जोडलं गेलं हे कसं कळणार? म्हणून प्रत्येक उपकरणाला परवानगी देण्या-नाकारण्याची सोय कर्नलमध्ये आली आणि तिचं टिपण त्यांनीच लिहिलं. वायरलेस यूएसबी बाजारात तगलं नाही. २०२० मध्ये त्याचं कोड कर्नलमधून गेलं. परवानगीची सोय मात्र राहिली, कारण दरम्यान तारेवरचाही भरवसा उडाला होता. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी बॅडयूएसबी दाखवलं : पेन ड्राइव्हसारखं दिसणारं उपकरण कीबोर्ड बनून आदेश टाइप करू शकतं. २०१७ मध्ये आंद्रे कोनोवालोव्ह यांनी सिझकॉलर हे कर्नलमधल्या चुका शोधणारं साधन वापरून कर्नलच्या यूएसबी ड्रायव्हरमधल्या कितीतरी उणिवा उघड्या केल्या. वापरात नसलेला प्रत्येक ड्रायव्हर मेन्यूतून काढण्याला तेव्हापासून वेगळंच वजन आलं.

आजच्या मेन्यूत परवानगीची मूळ स्थिती ठरवणारा एक आकडा आहे. १ ठेवला तर जे लागेल त्याला प्रवेश, ० ठेवला तर कुणालाच नाही, २ ठेवला तर फक्त यंत्राच्या आत जोडलेल्या उपकरणांना. मुळात तो १ असतो. टेबलावरच्या संगणकावर तो ० करण्याआधी स्वतःचा कीबोर्ड कुठल्या पोर्टवर लावलेला आहे ते पाहून घ्यावं.