वस्तीपातळीवरील एकात्मिक आरोग्यसेवा (कोल्हापूर)

पायी फिरून पुरा करता येईल एवढ्या टापूतील सर्व घरांच्या आरोग्याची जबाबदारी एकाच चमूकडे सोपवण्याची पद्धत. लसीकरण, गरोदरपणातील तपासण्या, जुनाट आजारांचा पाठपुरावा, वृद्धांची शुश्रूषा, पाणी व सांडपाण्यावरची नजर ही कामे यात निरनिराळ्या खात्यांची राहत नाहीत, त्या टापूची होतात. कोण आजारी आहे एवढेच नव्हे, तर कोणी गोळ्या मध्येच सोडल्या आहेत, हेही घरवार माहीत असावे लागते. ‘एकात्मिक’ हा शब्द सरकारी कागदांवर फार झिजला आहे. त्याची खरी खूण साधी : एका घरात मधुमेही आजी, क्षयाचा रुग्ण आणि गरोदर सून असेल, तर त्या घराची हकिकत एका वहीत सापडते की तीन.

या विचाराचा उगम साधारणपणे दक्षिण आफ्रिकेतील पोलेला येथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० च्या दशकात केलेल्या कामात मानतात. भारतात आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली प्रतिबंध व उपचार यांची सांगड घालण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना शिकवून हे काम उभे केले. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेला जागतिक मान्यता दिली. हे प्रयोग बहुतेक खेड्यांतले होते. भारतीय शहरांची पाळी त्यानंतर बऱ्याच उशिरा, २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने आली.

कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६ होती. अभियानाचा निकष ५० हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र असा आहे. महापालिकेची केंद्रे ११ आहेत, म्हणजे हिशेब जुळतो. फिरंगाई, सदर बाजार, राजारामपुरी, फुलेवाडी, कसबा बावडा ही त्यांतली काही. केंद्राखाली सुमारे १० हजार लोकांमागे एक एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका, लोकांच्या तोंडी ‘सिस्टर’), २०० ते ५०० घरांमागे एक आशा (घरोघर फिरणारी, वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती) आणि ५० ते १०० घरांची एक महिला आरोग्य समिती अशी उतरंड आहे. समितीला वर्षाला ५ हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा निधी मिळतो. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांची योजना आली, २०२३ मध्ये त्यांचे नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले. नावे बदलण्याचा वेग कामाच्या वेगापेक्षा नेहमीच जास्त असतो.

कामाची सुरुवात आशाच्या फेरीने होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा, आजाराची जोखीम गुणांत मोजणारा ‘सीबॅक’ फॉर्म ती भरते : वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात रक्तदाब वा मधुमेह कोणाला आहे का. गुण चारच्या वर गेले, तर त्या व्यक्तीला तपासणीत अग्रक्रम मिळतो. केंद्रावर रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते. ही पद्धत कागदावर नेटकी आहे. अडते ती पुरुषांपाशी. सकाळी अकराला आशा दार वाजवते तेव्हा घरात सासू-सून असतात. नवरा कामावर, मुलगा बाहेर. त्यांचे रकाने ‘घरी नाही’ म्हणून रिकामे राहतात किंवा बायकोच्या सांगण्यावरून भरले जातात. मग तपासणीच्या रांगेत स्त्रिया जास्त, आणि पक्षाघाताने थेट मोठ्या रुग्णालयात पोहोचणाऱ्यांत असे पुरुष, ज्यांचा रक्तदाब कधीच मोजलेला नसतो.

या पेचाला कोल्हापुरात उत्तर आहे आणि ते पेठेतच आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ यांची ओळख गल्लीइतकीच तालमीने, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याने होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने फोफावलेल्या या तालमींतून पुढे तरुण मंडळे आणि फुटबॉल संघ उभे राहिले. घरी न सापडणारा माणूस संध्याकाळी तालमीच्या पायरीवर सापडतो, नाहीतर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, जिथे समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात. रक्तदान शिबिरे मंडळे नेहमीच भरवतात. पण शिबिर वर्षातून एकदा, रक्तदाब रोजचा. त्यामुळे शिबिरापेक्षा रक्तदाबाचे यंत्र कायम तालमीत ठेवणे आणि ज्याचे आकडे चढले त्याचे नाव आशाच्या वहीत जाणे, हे या पद्धतीच्या जास्त जवळचे ठरेल. आहाराच्या सल्ल्याचेही तसेच. ‘मीठ कमी खा’ एवढ्याने इथे भागत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या किती रिचवल्या, हे ओळखीच्या सुरात विचारणारे माणूस लागते, आणि ते त्याच गल्लीतले असले तर उत्तर खरे मिळण्याची शक्यता वाढते.

पाणी हा दुसरा कसोटीचा विषय. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. अशा साथीत गळकी जलवाहिनी शोधणारा आणि रुग्ण तपासणारा हे दोघे एकाच खोलीत बसले, तरच ती आटोक्यात येते. पाणी अनियमित आले की घरोघर बॅरल भरून ठेवतात. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे हा उपाय सगळ्यांना पाठ आहे, पण नळाला उद्या पाणी येईल याची खात्री नसेल तर बॅरल कोण ओतून देईल?

पंचगंगेचा पूर या व्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा घेतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाड्यासारख्या सखल वस्त्यांत आधी पाणी शिरते. नवव्या महिन्यातली गरोदर बाई, डायलिसिसवरचा रुग्ण, इन्सुलिन घेणारे, अंथरुणाला खिळलेले यांची घरवार यादी पावसाळ्यापूर्वी तयार असेल, तर बोट कोणत्या दारी आधी न्यायची हे विचारत बसावे लागत नाही. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मुत्राने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. चिखल उपसणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या देण्याचे कामही पुन्हा गल्लीवारच होते.

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला जुने लोक अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. तिथे कोकण आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. म्हणून शहरातले साधे आजार पेठेतच निभावणे ही गर्दी कमी करण्याचीही बाब आहे. उलट दिशेचा प्रवास अधिक दुर्लक्षित राहतो. डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी परतलेल्या माणसाची खबर त्याच्या केंद्राला लागायला हवी. क्षयरोगात हे बरेच साधले आहे, कारण रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असते आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपये खात्यात जमा होतात. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्याला असा माग नाही. तो मेडिकलमधून गोळ्या घेतो आणि बरे वाटले की थांबवतो.

हा सगळा डोलारा जिच्या पायांवर उभा आहे, ती आशा कायद्याने कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नव्हे, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. वाढीव मोबदल्यासाठी २०२३–२४ मध्ये राज्यभर संप झाला. एकात्मिक सेवेत तिच्याकडे नवे फॉर्म, नवी ॲप येत राहतात, जुनी वही मात्र कोणी काढून घेत नाही.

हद्दीचा प्रश्नही आहेच. महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा वाद दशकानुदशके चालला आहे. दरम्यान शहर हद्दीबाहेरच्या पाचगाव, उचगावकडे वाढले. हद्दीच्या अलीकडची आशा महापालिकेची, पलीकडची जिल्हा परिषदेची. भाड्याचे घर बदलून एखादे कुटुंब शंभर पावले पलीकडे गेले, की बाळाच्या पुढच्या लसीची तारीख दुसऱ्या वहीत नव्याने लिहावी लागते.