एलजीबीटी किशोरवयीनांचे आरोग्य आणि पाठबळ

लेस्बियन (मुलींकडे आकर्षित होणाऱ्या मुली), गे (मुलग्यांकडे आकर्षित होणारे मुलगे), बायसेक्शुअल (दोघांकडेही आकर्षित होणारे) आणि ट्रान्सजेंडर (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळा लिंगभाव जाणवणारे), म्हणजेच एलजीबीटी, अशा साधारण १० ते १९ वयाच्या मुलामुलींची तब्येत, मन आणि सुरक्षितता जपण्यासाठी घर, शाळा, दवाखाना व कायदा यांच्याकडून जे केले जाते किंवा व्हायला हवे, ते या विषयात येते. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील स्थितीविषयी आहे.

समलिंगी आकर्षण हा आजार नाही, हे वैद्यकशास्त्रात केव्हाच ठरून गेले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांच्यातील विसंगतीही मनोविकारांच्या प्रकरणात राहिलेली नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता हा मनोविकार नसल्याचे जाहीर केले. तरीही नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करून घेणे, व्यसने आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण या मुलांमध्ये त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा जास्त असल्याचे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळते. मानसशास्त्रज्ञ इलन मायर यांनी याचे स्पष्टीकरण ‘अल्पसंख्याक-ताण’ या संकल्पनेतून दिले. मारहाण आणि टोमणे यांचा त्रास उघड दिसतो. पण टोमणा येईल म्हणून सतत सावध असणे, चालणे-बोलणे-हसणे तोलून करणे आणि भोवती ऐकलेली घृणा हळूहळू स्वतःविषयी खरी वाटू लागणे, हे त्याहून अधिक झिजवणारे असते. जातीवरून किंवा धर्मावरून हिणवले गेलेले मूल निदान घरी येऊन आईजवळ रडू शकते, कारण तिनेही ते भोगलेले असते. या मुलांना बहुतेक वेळा ती सोय नसते, घरातही ती एकटीच असतात.

घर : या विषयातील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतील केटलिन रायन आणि सहकाऱ्यांचा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी व बायसेक्शुअल तरुणतरुणींना त्यांच्या किशोरवयातील घरच्या वागणुकीविषयी विचारले होते. ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण कमी नकार सोसलेल्यांच्या ८.४ पट आणि नैराश्याचे ५.९ पट होते. पाहणी आठवणींवर आधारलेली आणि नमुना लहान, त्यामुळे तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. मात्र ‘नकार’ या सदरात काय काय मोडते, हे तिने नेमके दाखवले. हाकलून देणे किंवा मारणे तर त्यात येतेच. शिवाय मित्रमैत्रिणींना भेटू न देणे, समारंभातून वगळणे, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प राहायला लावणे, चिडवले गेल्याचा दोष मुलावरच टाकणे हेही येते. अशी वागणूक थोडी कमी झाली तरी धोका कमी होतो, असे रायन यांच्या गटाचे म्हणणे आहे. आईवडिलांनी सर्व काही पटवून घेण्याआधीही मुलाला हे संरक्षण मिळू शकते, ही त्यातली कामाची बाजू.

महाराष्ट्रातील घरांत नकाराची ठरलेली रूपे आहेत. ‘लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला मुलग्याला पंचविशीत आणि मुलीला बऱ्याचदा अठरा पूर्ण होताच मिळतो. मुलीचे मैत्रिणीशी नाते कळले की आधी मोबाइल जातो, मग कॉलेज बंद होते आणि स्थळे पाहणे सुरू होते. मुलींच्या बाबतीत हे सगळे घराच्या चार भिंतींत घडत असल्याने ते संस्थांच्या नजरेला उशिरा येते. काही ठिकाणी देवऋषी, अंगारे-धुपारे होतात. बाधा उतरवण्यासाठी मारहाण किंवा उपासमार झाली, तर तो २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि लगतच्या कर्नाटकात बायकी वागणाऱ्या मुलाला ‘यल्लम्माचे बोलावणे आले’ असे मानून जोगता म्हणून सोडण्याची परंपरा आहे. तिच्याकडे केवळ अघोरी प्रथा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. या चौकटीत अशा मुलाला साडी, नाव आणि गावात एक जागा मिळते. पण शाळा सुटते, उपजीविका जोगव्यावर येते, आणि हा निर्णय अशा वयात होतो जेव्हा त्याला दुसरा पर्याय ठाऊकच नसतो.

घराला इतके महत्त्व येण्यामागे कायद्याचेही कारण आहे. १८ वर्षांखालील मुलाची जवळजवळ प्रत्येक वाट आईवडिलांच्या सहीवरून जाते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात अल्पवयीनाच्या ओळख-प्रमाणपत्राचा अर्ज पालकांनी करावा अशी तरतूद झाली. ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून न्यायालयाच्या आदेशाविना वेगळे करता येणार नाही, असेही त्यात म्हटले. हेतू चांगला होता. पण मारहाण घरातच होत असेल, तर त्या मुलाने न्यायालयापर्यंत पोचायचे कसे, हे कायदा सांगत नाही.

‘बदलण्याचे’ उपचार : विजेचे झटके, हार्मोनची इंजेक्शने, संमोहन, किळस निर्माण करणारी औषधे अशा मार्गांनी आकर्षण बदलण्याचे प्रयोग भारतात दीर्घकाळ चालले, आणि त्यासाठी मुलाला घेऊन येणारे बहुधा पालकच असत. अशा उपचारांनी आकर्षण बदलत नाही, इजा मात्र होते. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी एस. सुषमा प्रकरणात त्यांवर बंदीचे आदेश दिले. हे आदेश देणारे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी या विषयातील आपली समज अपुरी असल्याचे नोंदवून आधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर सत्र घेतले होते. न्यायासनावरून असे क्वचितच ऐकू येते. त्याच खटल्याच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये हे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. नोंदणीकृत डॉक्टर त्यामुळे बांधले गेले. बाबा, बुवा आणि पदवीशिवाय समुपदेशन करणारे बांधले गेले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही लैंगिक कलाच्या आधारे सेवेत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

शाळा : युनेस्कोने तामिळनाडूत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ६० टक्के उत्तरदात्यांनी माध्यमिक शाळेत शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, आणि जवळपास एक तृतीयांश जणांची शाळा त्यापायी सुटली होती. तक्रार करणारे मात्र थोडेच. मराठी शाळेत ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ हे शब्द वर्गाच्या मागच्या बाकांवरूनच येतात असे नाही. ‘मुलासारखा चाल’ हे पीटीच्या सरांकडूनही येते. आरोग्याच्या दृष्टीने शाळेतील सर्वांत साधा प्रश्न मुतारीचा आहे. मुलांच्या मुतारीत छळ होतो आणि मुलींच्या मुतारीत जाता येत नाही, म्हणून कित्येक ट्रान्सजेंडर मुले दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. कडी असलेली, कोणालाही वापरता येईल अशी एक मुतारी हा यावरचा उपाय आहे. त्याला अभ्यासक्रमात बदल करावा लागत नाही.

अभ्यासक्रमातला बदल याहून कठीण. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, आणि आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली. महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमालाच मनाई केली होती. याच राज्यात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिली होती. १९३४ मध्ये त्यांच्यावर झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नोत्तराचाही समावेश होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला.

आरोग्यसेवा : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्याखालील किशोरवयीनांच्या दवाखान्यांना महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. २०१७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने ‘साथिया’ या समवयस्क शिक्षकांसाठी दिलेल्या साहित्यात, मित्राविषयी किंवा मैत्रिणीविषयी, समान अथवा भिन्न लिंगाच्या व्यक्तीविषयी ओढ वाटणे स्वाभाविक आहे, असे स्पष्ट लिहिले होते. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंड संहितेचे कलम ३७७ अजून लागू होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ओळीचे धाडस कळते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

दवाखाना असूनही मूल तिथे का जात नाही, याचे उत्तर गुप्ततेत आहे. ग्रामीण रुग्णालयातील केसपेपर काढणारा शेजारचा काका असू शकतो. शिवाय बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाचा कोणताही लैंगिक संबंध, दोघे समवयस्क आणि राजी असले तरी, गुन्हा ठरतो आणि तो कळलेल्या डॉक्टरावर पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. सतरा वर्षांचा मुलगा लैंगिक आजाराच्या तपासणीला आला तर डॉक्टरचे हात असे बांधलेले असतात. एचआयव्ही चाचणीसाठीही पालकांची संमती लागते. डेटिंग ॲपवर वय खोटे सांगून भेटलेल्या मुलाला लुबाडले गेले, तरी तो तक्रार करत नाही. तक्रार म्हणजे घरी उघडे पडणे.

दवाखाना टाळल्याची किंमत ट्रान्सजेंडर मुले शरीराने चुकवतात. छाती लपवण्यासाठी इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळल्याने श्वास अडतो, बरगड्या दुखावतात. मुलगी म्हणून जगू पाहणाऱ्या काही जणी शरीर बायकी व्हावे म्हणून औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने खातात. त्यातील इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. घर सोडून हिजडा समाजातील गुरूकडे गेलेल्यांपैकी काहींवर अडाणी हातांनी निर्वाणाची, म्हणजे पुरुषी जननेंद्रिये काढून टाकण्याची, शस्त्रक्रिया होते आणि जीव धोक्यात येतो. वयात येणे तात्पुरते थांबवणाऱ्या औषधांबाबत जगात तज्ज्ञांचे एकमत नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२४ मध्ये ती नेहमीच्या वापरातून काढली, इतरत्र ती काळजीपूर्वक दिली जातात. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांपर्यंत हा वाद पोचतच नाही. त्यांना आधी हव्या असतात त्या गोष्टी साध्या आहेत : त्यांनी सांगितलेले नाव वापरणारा डॉक्टर, हसू न दाबणारी नर्स, आणि ऐकलेले आईवडिलांना परस्पर न सांगणारा समुपदेशक.

संस्था : मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट २००२ पासून काम करतो. खिरे यांनी या विषयावर मराठीतून सातत्याने लिहिले, ही तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या मुलांसाठी मोठी सोय ठरली. ‘स्वीकार’ हा एलजीबीटी मुलांच्या आईवडिलांचा गट २०१७ मध्ये सुरू झाला. समुपदेशकाने तासभर बोलून जे पटत नाही, ते दुसऱ्या आईच्या दोन वाक्यांत पटते, असा अशा गटांतील लोकांचा अनुभव आहे. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी या कामाचे प्रशिक्षण सुरू केले. सरकारी पातळीवर टेलि-मानस (१४४१६) ही मानसिक आरोग्याची आणि १०९८ ही बालकांची मदतवाहिनी चोवीस तास चालते.

निवाऱ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. घरातून पळालेल्या अल्पवयीन मुलाला पोलिस बालकल्याण समितीपुढे नेतात आणि समिती त्याला मुलांच्या किंवा मुलींच्या बालगृहात पाठवते. मुलगी म्हणून जगू पाहणाऱ्या ट्रान्सजेंडर मुलीची रवानगी सहसा मुलांच्या बालगृहात होते. केंद्र सरकारच्या ‘गरिमा गृह’ योजनेतील निवारे ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच आहेत, पण तिथे प्रवेशाचे किमान वय १८ आहे.