झेब्रा प्लेको : घरगुती मत्स्यालयातील संगोपन

झेब्रा प्लेको हा ब्राझीलमधील शिंगू नदीत आढळणारा, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे असलेला लहान शोभिवंत मार्जारमीन (कॅटफिश) आहे. त्याचे शास्त्रीय नाव हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा असून लोरिकॅरिइडी या कवचधारी, चूषकमुखी माशांच्या कुलात त्याचा समावेश होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो पहिल्यांदा युरोपातील हौशी मत्स्यपालकांच्या हाती आला. त्या काळी नावाविना बाजारात येणाऱ्या अशा माशांना एका जर्मन मत्स्यपालन मासिकाने क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली होती. त्या पद्धतीत याला एल ०४६ हा क्रमांक मिळाला आणि तो आजही शास्त्रीय नावाइतकाच प्रचलित आहे. अ‍ॅमस्टरडॅमचे मत्स्यशास्त्रज्ञ इसाक इस्ब्रुकर आणि हान नाइसेन यांनी १९९१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्यासाठी हायपॅन्सिस्ट्रस ही नवी प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन केली.

पूर्ण वाढलेला मासा ८ ते १० सेंमी.पेक्षा मोठा होत नाही. अंगावर खवल्यांऐवजी अस्थिपट्टांचे कवच असते, तोंड खालच्या बाजूस असून त्याची चूषणी झालेली असते, आणि खालच्या जबड्यात थोडेच पण लांब दात असतात. दुकानातून ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणून विकला जाणारा, काचेवरचे शेवाळ खरवडणारा आणि हातभर वाढणारा मासा याच कुलातला असला, तरी दोघांत साम्य आहे ते तोंडाच्या आकारापुरते. झेब्रा प्लेको शेवाळावर पोसला जात नाही, काच साफ करत नाही आणि दिवसा सहसा दिसतही नाही. बाजारातील सर्वांत महागड्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एक विकत घेऊन रिकामी भासणारी टाकी न्याहाळत बसण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने या माशाच्या वाटेला न गेलेले बरे.

या माशाची निगा कठीण का, याचे उत्तर त्याच्या नाजूकपणात नाही, तर त्याच्या नदीत आहे. अ‍ॅमेझॉनची मोठी उपनदी असलेली शिंगू पारा राज्यातील आल्तामीरा शहराच्या खाली एक प्रचंड वळण घेते. व्होल्ता ग्रांदे, म्हणजे शब्दशः ‘मोठे वळण’, या नावाने ओळखला जाणारा हा सुमारे १०० किमी.चा पट्टा खडक आणि धावत्या पाण्याचे द्रुतप्रवाह यांनी भरलेला आहे, आणि झेब्रा प्लेकोचे नैसर्गिक वास्तव्य याच भागापुरते मर्यादित आहे. पाणी स्वच्छ असते, त्यातील क्षार अत्यल्प असतात आणि तापमान बहुतेक काळ २६ ते ३० °से.च्या दरम्यान राहते. तळाशी खडकांच्या कपारीत मासे दडून राहतात आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतात. म्हणजे या माशाला पाणी उबदार हवे आणि त्याच वेळी प्राणवायूने भरलेलेही हवे. नदीत धावत्या पाण्याच्या खळखळाटामुळे हे दोन्ही एकत्र नांदते. काचेच्या टाकीत मात्र एक साधताना दुसरे हातचे जाते. २० °से.च्या शुद्ध पाण्यात हवेतून दर लिटरला सुमारे ९.१ मिग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो, ३० °से.ला हे प्रमाण सुमारे ७.५ मिग्रॅ.वर येते. शिवाय तापमानाबरोबर माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि गाळणीतील जीवाणूही अधिक प्राणवायू खर्च करतात. संगोपनातील बहुतेक नियम या एका पेचातून निघालेले आहेत.

त्यामुळे टाकी किती लिटरची, यापेक्षा तिच्यात पाणी किती फिरते हे महत्त्वाचे ठरते. पाच-सहा माशांच्या गटाला ७५ ते ९० सेंमी. लांब आणि ४० सेंमी. रुंद तळ असलेली, सुमारे १०० ते १५० लिटरची टाकी पुरते. उंचीचा या तळवासी माशाला उपयोग नाही, उलट उथळ टाकीत तळापर्यंत हवा अधिक चांगली पोहोचते. टाकीतील सगळे पाणी तासाला आठ ते दहा वेळा फिरेल इतक्या क्षमतेची गाळणी, प्रवाह निर्माण करणारा वेगळा पंप आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवणारा हवेचा पंप असा सरंजाम लागतो. बुडबुडे स्वतः फारसा प्राणवायू देत नाहीत; ते पृष्ठभाग ढवळतात आणि हवा व पाणी यांची देवघेव तिथे होते, म्हणून पंपाचा आवाज किती मोठा यावरून काही ठरत नाही. वीज गेली की हे सारे एकाच क्षणी थांबते. दिवसाआड काही तास वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप ही चैन नसून गरज आहे, कारण बंद गाळणीत अडकलेल्या पाण्यातील प्राणवायू संपला की तिच्यातील उपयुक्त जीवाणूही मरू लागतात.

तापमानाचा प्रश्न भारतात ऋतूप्रमाणे पालटतो. पुण्या-नाशिककडील हिवाळ्यात हीटरशिवाय पाणी २२ °से.च्या खाली जाऊ शकते आणि मासा खाणे सोडतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात हेच पाणी ३३-३४ °से.पर्यंत चढू शकते. अशा वेळी पृष्ठभागावरून वारा सोडणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरवतो. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, कोकणातील दमट हवेत फारसा चालत नाही, आणि उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र दोन्हीकडे क्षारविरहित पाण्यानेच घालावी लागते, नाहीतर टाकीतील क्षार हळूहळू साठत जातात.

पाण्याचा पीएच ६.५ ते ७.५ च्या दरम्यान आणि पाणी मृदू असावे. मुंबईसारख्या शहरांना तलावांतून मिळणारे नळाचे पाणी या दृष्टीने सोयीचे असते, मात्र त्यातील क्लोरीन उतरवून घ्यावे लागते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्यात मिसळून वापरतात. मात्र निव्वळ आरओचे पाणी भरणे घातक ठरू शकते, कारण पीएच स्थिर राखणारे क्षारच त्यात उरत नाहीत. माशांच्या उत्सर्गातून तयार होणारे आणि गाळणीतील जीवाणू निकामी करतात ते विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत. नव्या गाळणीत जीवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर टाकीत झेब्रा प्लेको सोडू नये, या नियमाला अपवाद नाही. पाण्यात एकूण अमोनिया तेवढाच असला तरी पीएच ७ वरून ८ वर गेला की त्यातील विषारी, मुक्त अमोनियाचा वाटा जवळजवळ दसपट होतो. उबदार पाण्यात तो आधीच अधिक असतो. दर आठवड्यास २५ ते ३० टक्के पाणी बदलणे पुरेसे समजले जाते. बदलासाठीचे पाणी टाकीतील पाण्याच्या तापमानाचे असावे.

तळाशी बारीक, बोथट वाळूचा पातळ थर किंवा नुसती मोकळी काच ठेवतात. सजावट म्हणजे गुळगुळीत पाटीचे दगड, लाकडाचे ओंडके आणि मुख्यतः गुहा. भाजलेल्या मातीच्या किंवा पाटीच्या दगडाच्या, एका बाजूने बंद असलेल्या, १२ ते १५ सेंमी. लांब आणि तोंडाशी ३ ते ४ सेंमी. रुंद अशा नळकांड्या या माशाला मानवतात. गुहा माशांच्या संख्येहून अधिक असाव्यात, कारण नर आपापल्या गुहेसाठी भांडतात आणि हरलेल्या माशाला आसरा उरला नाही तर तो उपाशी राहतो. वनस्पती लावल्या नाहीत तरी चालते.

आहाराबाबत सर्वाधिक चुका या माशाला शाकाहारी समजल्यामुळे होतात. निव्वळ शेवाळाच्या चकत्यांवर ठेवलेला मासा महिनोनमहिने जगतो, पण पोट खपाटीला जाऊन हळूहळू खंगतो. त्याला गोठवलेल्या रक्तकृमी, आर्टेमिया, डॅफ्निया व सायक्लॉप्स हे इवले जलजीव, बारीक केलेली कोळंबी किंवा शिंपल्याचे मांस आणि तळाशी बसणारी प्रथिनयुक्त गोळ्यांची खाद्ये लागतात. खाद्य दिवे मालवल्यानंतर, प्रवाहामुळे ते वाहून जाणार नाही अशा ठिकाणी टाकावे, आणि सकाळी उरलेले नळीने ओढून काढावे. हा मासा संथपणे खातो आणि स्पर्धेत माघार घेतो. एंजल, बार्ब किंवा मोठा सकर सोबत असेल तर तळापर्यंत काहीच पोहोचत नाही, म्हणून तो स्वतंत्र टाकीत किंवा फार तर वरच्या थरात राहणाऱ्या छोट्या, उष्णता सोसणाऱ्या टेट्रांसोबत ठेवावा.

रोगांपेक्षा औषधांचे भय अधिक असते. तांबेयुक्त औषधे आणि मॅलाकाइट ग्रीनसारखी द्रव्ये वापरायचीच झाली तर ती अत्यंत सावधपणे वापरावी लागतात; कित्येक औषधांमुळे प्राणवायूचे प्रमाणही घटते. दिवसा गुहेबाहेर येऊन वेगाने कल्ले हलवणारा मासा पाहिला की औषधाची बाटली शोधण्याआधी पाणी तपासावे आणि हवा वाढवावी.

प्रजननक्षम होण्यास हा मासा साधारण दोन ते तीन वर्षे घेतो. तोवर नर-मादी ओळखणे अवघड असते. प्रौढ नराचे डोके रुंद होते आणि गालांवर व वक्षपरांच्या काट्यांवर केसांसारखे बारीक दंतकंटक (दातांसारखे काटे) वाढतात, तर मादी वरून पाहता पोटाशी भरलेली दिसते. शिंगूच्या खोऱ्यात कोरड्या महिन्यांत पाणी उतरते आणि तापते, मग पाऊस सुरू होऊन नदी फुगते. अनुभवी पालक याचीच नक्कल करतात: काही आठवडे पाणी कमी बदलून तापमान २९-३० °से.वर ठेवायचे, आणि मग सलग काही दिवस थोड्या थंड, मृदू पाण्याचे मोठे बदल करून प्रवाह वाढवायचा. पाऊस पडल्याचा हा भास दर वेळी लागू पडतोच असे नाही, आणि एखादी जोडी काहीही न करता अचानक अंडी घालते. नर मादीला गुहेत कोंडून धरतो. अंडी दिल्यावर मादी निघून जाते आणि पुढचे सारे नराकडे राहते. तो परांनी वारा घालावा तसे पाणी घालत अंड्यांच्या घोसावर बसून राहतो. एका वेळी साधारण १० ते १५ मोठी, पिवळसर अंडी मिळतात. मत्स्यजगतात ही संख्या अगदीच तुटपुंजी आहे. मांगुरासारखा आपल्याकडचा मार्जारमीन एका वेळी हजारो अंडी देतो. झेब्रा प्लेकोची उच्च किंमत आणि त्याच्या जंगली साठ्याची नाजूक अवस्था या दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी या फरकात आहे.

अंडी सुमारे आठवड्यात फुटतात. पिल्ले पोटाशी अंड्यातील बलकाची मोठी पीतक-पिशवी घेऊन आणखी १० ते १३ दिवस बापाच्या छायेत गुहेतच पडून राहतात. ती बाहेर आली की नुकतीच उबवलेली आर्टेमिया आणि बारीक दळलेले खाद्य दिवसातून दोन-तीनदा द्यावे. वाढ फार मंद असते. घाई करून अधिक खाद्य टाकल्यास पाणी बिघडते आणि सर्वांत अशक्त पिल्लांपासून गळती सुरू होते, म्हणून पिल्ले मोठ्या टाकीच्या पाण्याशी जोडलेल्या जाळीच्या पेटीत वाढवणे अधिक सुरक्षित असते.

या माशाची पैदास घरोघरच्या टाक्यांतून होण्याला आज निराळाच अर्थ आला आहे. ब्राझीलने २००४ मध्ये त्याचा समावेश संकटग्रस्त जलचरांच्या राष्ट्रीय यादीत केल्यापासून नदीतून तो पकडणे आणि निर्यात करणे बेकायदा आहे, तरी शेजारच्या देशांमार्गे चोरटा व्यापार चालू राहिला. दुसरा आघात बेलो मोंते जलविद्युत प्रकल्पाचा. २०११ मध्ये बांधकाम सुरू होऊन २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या, ११,२३३ मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पासाठी शिंगूचे पाणी कालव्याने वळवले जाते, आणि व्होल्ता ग्रांदेतील प्रवाह ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. ज्या धावत्या, प्राणवायूयुक्त पाण्याची नक्कल टाकीत करायची, ते मूळ ठिकाणीच आटत चालले आहे. ब्राझीलच्या मागणीवरून २०१७ मध्ये हा मासा संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातील, म्हणजे सायटीसच्या, तिसऱ्या परिशिष्टात आला. पनामा येथे २०२२ मध्ये झालेल्या परिषदेत त्याला दुसऱ्या परिशिष्टात हलवण्यात आले आणि जंगलातून पकडलेल्या माशांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य ठरवण्यात आला. बंदिवासात जन्मलेल्या माशांचा व्यापार परवान्यासह चालू शकतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीने सायटीसच्या यादीतील प्रजातींसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची केली असून अशा सजीव प्राण्यांची नोंदणी बाळगणाऱ्याने करणे अपेक्षित आहे. विकत घेताना मासा कोणाच्या टाकीत जन्मला, याची लेखी माहिती आणि पावती मागून घ्यावी. ३ सेंमी.च्या, अंगाने भरलेल्या पिल्लांचा गट घेणे स्वस्त पडते आणि त्यात नर-मादी दोन्ही मिळण्याची शक्यता राहते. पट्टे काळे-पांढरे आहेत एवढ्यावर विसंबू नये, कारण याच हायपॅन्सिस्ट्रस प्रजातीतील इतर, पिवळसर छटेच्या आणि नागमोडी रेषांच्या माशांशी त्याचा संकर होतो आणि ती संकरित पिल्ले कमी दर्जाचे झेब्रा म्हणून खपवली जातात. शुद्ध झेब्रा प्लेकोच्या अंगावरील पांढरा रंग स्वच्छ असतो आणि धडावरील पट्टे सलग, तिरके व ठळक असतात. एका टाकीत या कुलातील दोन जाती एकत्र ठेवल्या असतील, तर तिथली पिल्ले घेऊ नयेत.