फ्रॅक्टल अ‍ॅनिमेशन

एकच गणिती सूत्र पुनःपुन्हा चालवून संगणकाने काढलेल्या आकृतींची चलत् मालिका. ती अमूर्त असते : तिला कथा नसते, पात्रे नसतात, ओळखीच्या वस्तू नसतात. फ्रॅक्टल आकृतीचा तुकडा कितीही मोठा करून पाहिला तरी त्यातली गुंतागुंत संपत नाही. ‘तुटलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून गणितज्ञ बेनुआ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ही संज्ञा घडवली.

फ्रॅक्टलचे निसर्गातले उदाहरण म्हणजे किनारा. कोकणचा किनारा दूरच्या नकाशावर जवळजवळ सरळ दिसतो. जवळ गेले की बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या आत शिरतात, आणि खाडीच्या काठालाही पुन्हा व्हाळांचे दाते असतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी ७२० किमी अशी सर्रास सांगितली जाते. जुन्या सरकारी मोजणीत ती ६५२.६ किमी होती, अलीकडच्या मोजणीत ८७७.९७ किमी आहे. जमीन वाढलेली नाही. मुख्यतः नकाशाचे प्रमाण १:४५,००,००० वरून १:२,५०,००० वर आले. लुईस रिचर्डसन यांनी दाखवलेला (मरणोत्तर प्रसिद्धी १९६१) आणि मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये पुढे नेलेला प्रश्न तो हाच : मोजमाप जितके बारीक, तितकी किनाऱ्याची लांबी वाढते. मिती म्हणजे रेषेच्या वेडेवाकडेपणाचे माप; सरळ रेषेची १. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती १.२५, तर दक्षिण आफ्रिकेची १.०२ अशी येते. वरील दोन आकड्यांवरून आपल्या किनाऱ्याची मिती ढोबळमानाने १.१० निघते. मात्र दोन मोजण्यांची पद्धत एक नसल्याने या आकड्याला फार वजन देऊ नये.

मँडेलब्रॉट संच ही सर्वांत परिचित फ्रॅक्टल आकृती (सूत्र पुढे ‘तंत्र’ मध्ये). तिचे पहिले चित्र कोणाचे, यावर वाद आहे. गास्ताँ ज्यूलिया व पिएर फातू यांनी १९१८ च्या सुमारास मूळ गणित मांडले, पण चित्राविना. रॉबर्ट ब्रुक्स व पीटर मॅटेल्स्की यांची ओबडधोबड छापील आकृती १९७८ ची मानतात. मँडेलब्रॉट यांची १९८० ची. आकृतीचा मान पहिल्या दोघांना आणि तिचे मर्म ओळखण्याचा मँडेलब्रॉट यांना देणे सयुक्तिक वाटते. फ्रॅक्टल अ‍ॅनिमेशनचा आरंभ म्हणून बहुधा लॉरेन कार्पेंटर यांचा १९८० चा संगणकीय लघुपट सांगितला जातो, परंतु त्यात डोंगर दिसतात. त्याला अमूर्त म्हणणे कठीण. स्कॉट ड्रेव्हज यांची ज्वाळांसारख्या अमूर्त आकृती काढणारी ‘फ्लेम’ पद्धत (१९९२) या नोंदीच्या विषयाला अधिक जवळची.

तंत्र : c म्हणजे चित्रातल्या एका बिंदूची (संमिश्र) संख्या. z शून्यापासून सुरू करून त्याच्या जागी z² + c घालत राहायचे. z चे परिमाण २ च्या पलीकडे गेले की तो बिंदू निसटला; कधीच न निसटणाऱ्या बिंदूंचा मँडेलब्रॉट संच. किती फेऱ्यांत निसटला त्यावरून रंग ठरतो. चौकटीगणिक ठरावीक पटीने आत शिरले की झूम तयार होतो. संगणकाच्या नेहमीच्या ‘दुहेरी अचूकता’ संख्यांत सुमारे १६ अंकच टिकत असल्याने फार खोल गेल्यावर चित्राचे ठोकळे होतात.

c एकच धरून z ची सुरुवात प्रत्येक बिंदूपासून केली की त्याच सूत्रातून ज्यूलिया संच मिळतो. दुसऱ्या रीतीत c सरकवून हा संच हलता ठेवतात. c मँडेलब्रॉट संचाच्या आत असेल तर आकृती सलग राहते, बाहेर पडला की तिची धूळ होते. झाईपासून रेडीपर्यंतची महाराष्ट्राची किनारारेषा आक्रसून संचाच्या कडेवर बसवली आणि c ला तिच्यावरून चालवले, तर प्रत्येक खाडीला आकृती फुटू वा सांधू शकते. अडचण एवढीच की अंकित नकाशातल्या दोन बिंदूंमधली सरळ रेष पडद्यावर लगेच खटकते. तेथे मध्यबिंदू यादृच्छिकपणे ढळवत खोटा किनारा भरून घेतात.