वीज पडणे

ढगात साठलेला विद्युतभार एकाएकी मोकळा होताना जी प्रचंड ठिणगी पडते, ती वीज. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकून विझतात, थोड्याच जमिनीपर्यंत पोचतात. वऱ्हाडात तिला ‘ईज’ म्हणतात.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. नांगरून पडलेली काळी वावरे तापतात, त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर उसळते. त्या हवेत पुरेसे बाष्प असले, की दुपारनंतर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठू लागते. तिथे बर्फाचे बारीक स्फटिक आणि भुसभुशीत गारा एकमेकांवर आपटतात. या टकरीत गारांवर ऋण भार येतो, स्फटिकांवर धन. स्फटिक वाऱ्याबरोबर वर निघून जातात, जड गारा खाली राहतात. ढगाचा खालचा भाग असा ऋणभारित झाला, की त्याच्या छायेतल्या जमिनीवर धन भार गोळा होतो.

मग ढगातून एक अंधूक वाट सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, फांद्या फोडत खाली येते. ती जवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंच्या टोकांतून तिला भेटायला ठिणग्या वर निघतात. दोन्हींची गाठ पडताच सरासरी ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो. घरातल्या हीटरच्या प्लगला १५ अँपिअर पुरतात. वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून फुगते, तोच गडगडाट. लखलखाट आणि आवाज यांत तीन सेकंद गेले, तर वीज एक किलोमीटरवर आहे.

जूनमध्ये पेरणी आणि पुढे डवरणी, निंदण, म्हणजे माणसे दिवसभर उघड्या वावरात. सर आली की पाय आपोआप धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाकडे किंवा कडुनिंबाकडे वळतात. विजेला भेटायला जाणारी ठिणगी बहुधा त्याच शेंड्यातून निघते, हे इथे वारंवार सांगायला हवे. खोडातला रस उकळून वाफ होते, साल वरपासून खालपर्यंत फाटते. प्रवाह खोडावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेतो, उरलेला मातीतून चहूकडे पसरतो. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने गुरांच्या अंगातून तो अधिक जातो. म्हणूनच एका झाडाखाली अख्खा कळप मेलेला सापडतो.

पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसावर वीज पडते, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. त्याला काहीही आधार नाही. मोबाइल वीज ओढतो, हेही खरे नाही. धोका ठरतो तो जागेवरून. पक्के घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी सुरक्षित. खोपी, मचाण, उघडा ट्रॅक्टर नाही. जवळ काहीच नसेल तर झाडापासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे होऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरातल्या विजांची सूचना देते.

वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात ती उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास वा नाडी थांबली असेल, तर दवाखाना गाठेपर्यंत छाती दाबत राहावी. पुष्कळ जण यामुळे वाचतात.