बिग नाइट (चित्रपट)

बिग नाइट : स्टॅन्ली टूची आणि कॅम्बेल स्कॉट यांनी मिळून दिग्दर्शित केलेला, १९९६ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू जर्सी राज्यात, १९५० च्या दशकात, समोरासमोर असलेल्या दोन इटालियन रेस्टॉरंटांची ही गोष्ट आहे. त्यांपैकी एक रोज रात्री गजबजलेले असते. दुसऱ्यात माशी मारायलाही कोणी नसते, आणि अन्न मात्र या दुसऱ्याच ठिकाणी उत्तम मिळते. या विसंगतीतून चित्रपटातील विनोदही निर्माण होतो आणि दुःखही. पटकथा टूची आणि त्याचा नात्यातील भाऊ जोसेफ ट्रॉपियानो यांनी लिहिली. चित्रपट पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे.

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातून आलेले दोन भाऊ ‘पॅरडाइझ’ नावाचे छोटे रेस्टॉरंट चालवतात. थोरला प्रीमो (टोनी शालूब) भटारखाना सांभाळतो, तर धाकटा सेकोंदो (स्टॅन्ली टूची) गिऱ्हाइके, हिशोब आणि बँक यांना तोंड देतो. प्रीमो म्हणजे पहिला आणि सेकोंदो म्हणजे दुसरा, एवढाच या नावांचा अर्थ नाही. इटालियन जेवणात पास्ता, भात किंवा सूप यांच्या पहिल्या वाढणीला ‘प्रीमो’ म्हणतात आणि त्यानंतर येणाऱ्या मांस-मासळीच्या वाढणीला ‘सेकोंदो’. भावांच्या नावांतच जेवणाचा क्रम सांगितलेला आहे, आणि चित्रपटातील पहिले भांडण नेमके या क्रमावरूनच होते.

हा प्रसंग सुरुवातीलाच येतो. रेस्टॉरंटमध्ये मोजून एक-दोन टेबले भरलेली आहेत. एका बाईने समुद्री मासळीचा रिसोत्तो मागवला आहे. रिसोत्तो म्हणजे आखूड, पिठूळ तांदूळ थोडा थोडा रस्सा घालत, सतत ढवळत शिजवलेला मऊ भात. त्याला घाई चालत नाही. बराच वेळ वाट पाहिल्यावर ताट येते, तेव्हा ती बाई सोबत स्पॅगेटीही मागते. भात आणि पास्ता दोन्ही पिष्टमय असल्याने ते एकत्र जात नाहीत, असे सेकोंदो नम्रपणे सुचवतो, पण ती ऐकत नाही. स्पॅगेटी तरी मांसाच्या गोळ्यांसह येईल अशी तिच्या नवऱ्याची अपेक्षा असते. ती तशी येत नाही, कारण कधी कधी स्पॅगेटीला एकटे राहायला आवडते, असे उत्तर सेकोंदोला द्यावे लागते. आत भटारखान्यात ही मागणी ऐकून प्रीमो त्या बाईला सरळ गुन्हेगार ठरवतो. काही दिवसांनी खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी रिसोत्तो यादीतून काढावा असे सेकोंदो सुचवतो, तेव्हा मग त्याऐवजी हॉट डॉग ठेवू, असे थोरला शांतपणे म्हणतो.

पोळी आणि भात एकाच ताटात वाढून घेणाऱ्या मराठी वाचकाला सुरुवातीला त्या बाईचे काय चुकले हे कळणार नाही, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु पंगतीत आधी वरणभात, मग पोळी, मग मसालेभात आणि शेवटी ताकभात हा क्रम ज्याने पाळलेला पाहिला आहे, त्याला प्रीमोची तगमग समजायला वेळ लागू नये. जेवणाचा क्रम हा त्याच्या दृष्टीने शिष्टाचार नसून व्याकरण आहे. वाक्यातले शब्द कसेही ठेवले तर अर्थ राहत नाही, तसे त्याला वाटते.

बाईची मागणी मात्र अज्ञानातून आलेली नाही. त्या मागणीला अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले आणि त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटलीतील गरीब शेतकरी कुटुंबांतले होते. गावी ज्यांना मांस सणावारीच मिळे, त्यांना अमेरिकेत ते परवडू लागले. इटलीत मांसाचे लहान गोळे वेगळे खाल्ले जातात. अमेरिकेत ते मोठे झाले, टोमॅटोच्या दाट सॉसमध्ये बुडाले आणि स्पॅगेटीच्या ढिगावर जाऊन बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर चौकटीच्या टेबलक्लॉथवर वाढले जाणारे हे अन्न म्हणजेच इटालियन अन्न, अशी सर्वसाधारण अमेरिकन माणसाची समजूत पक्की झाली. ते स्थलांतरितांनी स्वतःच्या हातांनी घडवलेले अन्न होते, त्यामुळे त्याला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रीमोचे दुर्दैव असे की तो उशिरा आला. त्याच्या आधी आलेल्यांनी आपल्या देशाच्या अन्नाची एक आवृत्ती लोकांना शिकवून ठेवली होती.

समोरचे रेस्टॉरंट त्या आवृत्तीचेच आहे. पास्काल (इयन होम) हा त्याचा मालक. तिथे गाणे चालू असते, मंद प्रकाश असतो, पदार्थांवर ज्वाळा पेटवून दाखवल्या जातात आणि टेबल रिकामे मिळत नाही. प्रीमोच्या लेखी तिथे रोज रात्री अन्नावर अत्याचार होतो. पास्कालचे म्हणणे वेगळे आहे : दिवसभर राबून आलेल्या माणसाला ताटाकडे पाहून हे काय आहे असा प्रश्न पडता कामा नये, त्याला हवे ते आधी द्यावे, मग कधीतरी आपल्याला हवे ते देता येते. चित्रपटाची मोठी जमेची बाजू अशी की हे म्हणणे हास्यास्पद करून सोडलेले नाही. पास्काल मूर्ख नाही, उत्तम अन्न कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच प्रीमो त्याला स्वतःच्या भटारखान्यात हवा आहे.

बँक कर्जाची मुदत वाढवून देत नाही. एक चित्रकार गिऱ्हाईक जेवणाचे पैसे चित्रांच्या रूपाने चुकते करतो, म्हणून भिंती भरतात आणि गल्ला रिकामा राहतो. रोममधील काकाने दोघांना आपल्या रेस्टॉरंटात कामाला बोलावले आहे. प्रीमोला परत जायचे आहे, सेकोंदोला नाही. गॅब्रिएला (इझाबेला रोसेलिनी) ही पास्कालची सोबतीण. तिचे आणि सेकोंदोचे चोरटे संबंध आहेत, आणि त्याच्यावर मनापासून प्रेम करणारी फिलिस (मिनी ड्रायव्हर) मात्र ताटकळत राहते. पैसे उसने मागायला सेकोंदो पास्कालकडे जातो. पास्काल पैसे देत नाही, पण प्रसिद्ध गायक लुई प्रीमा आपला मित्र आहे, त्याला तुमच्याकडे जेवायला पाठवतो, वर्तमानपत्रांत बातमी येईल आणि तुमचे दिवस पालटतील, असे आश्वासन देतो. शिल्लक होते नव्हते ते सारे पैसे भाऊ या एका रात्रीवर लावतात. चित्रपटाचे नाव याच रात्रीवरून आले आहे.

लुई प्रीमा (१९१०–१९७८) ही खरी व्यक्ती होती. न्यू ऑर्लिन्समध्ये सिसिलियन कुटुंबात जन्मलेला हा ट्रंपेटवादक-गायक १९५० च्या दशकात लास व्हेगासमध्ये गाजत होता. पुढे १९६७ साली डिस्नेच्या ‘द जंगल बुक’मधील वानरराजाला त्यानेच आवाज दिला. इटालियनपण न लपवता, उलट ते मिरवत, अमेरिकेत यशस्वी झालेला माणूस म्हणून त्याची निवड अचूक आहे.

रात्र सुरू होते. पाहुणे जमतात, गायक येत नाही, आणि अखेर थांबणे अशक्य झाल्यावर पंगत बसते. आधी सूप येते. मग इटलीच्या ध्वजाप्रमाणे हिरवा, पांढरा आणि तांबडा असा तीन रंगांचा रिसोत्तो येतो, आणि मग तिंपानो. इटालियनमध्ये तिंपानो म्हणजे नगाऱ्यासारखे वाद्य. मोठ्या, खोलगट एनॅमलच्या भांड्याला आतून तेलतूप लावून त्यात पातळ लाटलेल्या कणकेची भलीमोठी पोळी अशी अंथरतात की तिच्या कडा बाहेर लोंबत राहाव्यात. आत नळीच्या आकाराचा पास्ता, मांसाचा सॉस, मांसाचे छोटे गोळे, सलामी (खारवून वाळवलेले मांस), चीज आणि उकडलेली अंडी यांचे थर रचतात, लोंबणाऱ्या कडा वर आणून तोंड बंद करतात आणि सगळे भट्टीत भाजतात. टूचीचे घराणे दक्षिणेकडील कालाब्रियाचे. तिंपानो हा त्यांच्या घरी नाताळाला होणारा पदार्थ आहे आणि तिथूनच तो चित्रपटात आला. भांडे ताटावर उपडे करून उचलण्याचा क्षण चित्रपटात फार सुंदर टिपला आहे. दोघे भाऊ त्या सोनेरी घुमटाला तळहाताने हळूच थोपटतात, कान लावून ऐकतात, कुठे भेगाळला तर नाही हे पाहतात. मगाशी भांडणारी ही माणसे त्या घटकेला एकच काम करणारे चार हात होतात. पहिला घास घेतल्यावर पास्काल ओरडतो की हे इतके छान झाले आहे की तुम्हाला ठार मारायला हवे. त्या ओरडण्यात खरीखुरी हार आहे.

यानंतर मासळी, कोंबडी आणि अखंड भाजलेले डुकराचे पिल्लू येते. जेवण संपता संपता एक बाई टेबलावर डोके टेकून रडू लागते, कारण तिची आई फार वाईट स्वयंपाक करीत असे. हसू येईल असाच हा प्रसंग आहे. पण आयुष्यभर आपण कशाला मुकलो हे एखाद्याला एका जेवणात कळावे, हे त्यातले दुःख पुसले जात नाही. स्वभावाने बुजरा प्रीमो फुलवाली ॲन (ॲलिसन जॅनी) हिच्याशी धड बोलू शकत नाही; भटारखान्यात चमच्याने तिला चव देताना मात्र त्याची वाचा फुटते, आणि चांगले अन्न खाणे म्हणजे देवाच्या जवळ जाणे, असे तो तिला सांगतो.

लुई प्रीमा येत नाही, कारण त्याला कोणी बोलावलेलेच नसते. पॅरडाइझ बुडावे आणि भाऊ आपल्याकडे नोकरीला यावेत म्हणून पास्कालने ही थाप मारलेली असते. जाब विचारल्यावर तो शरमत नाही : मी धंदेवाईक माणूस आहे, ज्या वेळी जे व्हावे लागेल ते मी होतो, तू नक्की कोण आहेस ते सांग, असे तो सेकोंदोला विचारतो. सेकोंदोकडे उत्तर नसते. फिलिसने त्याला गॅब्रिएलासोबत पाहिलेले असते. पहाटेच्या आधी, समुद्राच्या वाळूवर, दोघे भाऊ मनात साठलेले सगळे एकमेकांना बोलून दाखवतात आणि लहान मुलांसारखे झोंबतात.

इटालियन-अमेरिकन माणूस पडद्यावर आला की तो माफियाचाच असायचा, असा तो काळ होता, आणि टूचीला स्वतःलाही तशाच भूमिका येत होत्या. बंदूक नसलेला, कष्टकरी, कलेवर जीव टाकणारा इटालियन माणूस दाखवणे हा या पटकथेमागील उघड हेतू होता. भूमिकेच्या तयारीसाठी टूचीने न्यूयॉर्कमधील शेफ जान्नी स्कापीन यांच्या हाताखाली भटारखान्यात धडे घेतले. याचा परिणाम दिसतो : पडद्यावरचे हात खरोखर स्वयंपाक करतात, करण्याचा अभिनय करीत नाहीत. शालूब लेबनीज वंशाचा, होम इंग्रज. तरीही उच्चार आणि देहबोली कुठे खटकत नाही. दिग्दर्शक स्कॉट याने कॅडिलॅक मोटारी विकणाऱ्या विक्रेत्याची छोटी भूमिका केली आहे, तर क्रिस्तियानो या अबोल वाढप्याच्या भूमिकेत पुढे साल्सा गायक म्हणून जगप्रसिद्ध झालेला मार्क अँथनी आहे.

जानेवारी १९९६ मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपट प्रथम दाखवला गेला आणि पटकथेसाठीचा वॉल्डो सॉल्ट पुरस्कार त्याला मिळाला. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्याला सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा मान दिला. सुमारे चाळीस लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर मिळवले. टूचीचे पुढील पाककृतींचे पुस्तक आणि इटलीतील खाद्यपरंपरांवरील दूरचित्रवाणी मालिका यांचा उगम इथेच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अखेरचा प्रसंग सुमारे पाच मिनिटांचा आहे आणि तो एका सलग चित्रणात, जवळजवळ एकही शब्द न बोलता घडतो. सकाळ झाली आहे. भटारखाना आवरायचा राहिला आहे आणि क्रिस्तियानो तिथेच झोपलेला आहे. सेकोंदो, जो एरवी बाहेरच्या बाजूला असतो, कढईत तेल घालतो, वाडग्यात अंडी फोडून फेटतो आणि साधे ऑम्लेट करतो. ते तो क्रिस्तियानोला आणि स्वतःला वाढतो. एक वाटा कढईतच ठेवतो. दारातून प्रीमो येतो. सेकोंदो उठतो, तिसरी थाळी काढतो, उरलेला वाटा तिच्यात घालून भावापुढे ठेवतो आणि त्याच्या शेजारी बसतो. क्रिस्तियानो हळूच निघून जातो. दोघे पाव मोडून खात राहतात. थोड्या वेळाने एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, मग दुसऱ्याचाही.