द्विध्रुवी विकार, स्वभाव आणि वर्तनव्यसने

उन्माद (अनावर उत्साह) आणि अवसाद (खोल उदासी) या दोन टोकांमध्ये मनःस्थिती हेलकावते, तो द्विध्रुवी विकार. पुण्यातल्या दवाखान्यांत त्याला सरसकट ‘बायपोलर’ म्हणतात. जोडीला जुगार, ऑनलाइन गेम किंवा बेसुमार खरेदी असं वर्तनव्यसन, म्हणजे पदार्थाचं नव्हे तर कृतीचं व्यसन असलं, की घरचे एका म्हणीत सगळं गुंडाळतात: स्वभावाला औषध नाही. निदानाच्या कामी ही म्हण घोटाळा करते, कारण झटका (उन्मादाचा किंवा अवसादाचा एक ठरावीक काळ), स्वभाव आणि व्यसन या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

फरक मुख्यतः काळाचा. उन्मादाचा झटका किमान आठवडाभर टिकतो, सौम्य उन्माद किमान चार दिवस, अवसाद दोन आठवडे. स्वभाव तरुणपणापासून सोबत असतो. व्यसनात नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही हात थांबत नाही.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरात दोन महिने अंथरूण न सोडलेला माणूस एकाएकी पहाटे चारला उठतो आणि पर्वती चढून येतो. घरच्यांना हायसं वाटतं, ‘आत्ता कुठं माणसात आला!’ आठवड्याभरात लक्ष्मी रोडवरून एकाच रंगाच्या सहा पैठण्या घरी येतात, झोप दोन तासांवर येते, बोलण्याला खंड राहत नाही. ही उधळपट्टी झटक्याबरोबर ओसरली तर ती उन्मादाची. मन समेवर असतानाही रात्री दोन-तीनला रमीसाठी खात्यातून पैसे जातच राहिले, तर जुगाराचं निदान वेगळं करावं लागतं. म्हणून बँकेचं स्टेटमेंट इथं रक्ततपासणीइतकंच उपयोगी पडतं. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्यानं बंदी घातली, तल्लफ कायद्यानं जात नाही.)

मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेनं २०१३ साली जुगाराला दारूच्या पंगतीत बसवलं. २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमिंगही आलं. खरेदीला मात्र अजून स्वतंत्र जागा नाही.

उतावळेपणा आणि सतत नव्याची ओढ हे स्वभावविशेष द्विध्रुवी विकारात आणि वर्तनव्यसनांत, दोन्हीकडे जास्त आढळतात. पण झटक्यात घेतलेली व्यक्तिमत्त्व चाचणी माणसाची नव्हे, झटक्याची मोजणी करते; ती मन स्थिरावल्यावरच घ्यावी.

उपचारांत लिथियम जुनं आणि भरवशाचं. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा उन्मादावरचा गुण दाखवला. त्याची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात. अंगातलं पाणी कमी झालं की ती चढते, त्यामुळे निर्जळी एकादशी किंवा उन्हातली वारी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. व्यसनाच्या बाजूनं पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथं पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालतो. १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

एक गोष्ट घरोघरी निसटते. याच आजारात दिलं जाणारं अरिपिप्राझोल काही मोजक्या रुग्णांत जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ निर्माण करतं; अमेरिकी औषध प्रशासनानं २०१६ साली तसा इशारा दिला. डॉक्टरांनी मात्रा कमी केली किंवा गोळी बदलली, की ती ओढ सहसा ओसरते. तोवर घरात स्वभावावरून भांडणं झालेली असतात.